पाच किलो आटा गेला, परतावा आला ३५ रुपये: कूपनच्या किराण्याचे सहा महिने

रविवारी किराणा आला, पण त्यात आटा नव्हता. अ‍ॅपवर निरोप होता, "एक वस्तू उपलब्ध नाही, परतावा दिला आहे." आटा २३५ रुपयांचा आणि परतावा ३५. आधी वाटलं, पुढचा दोनचा आकडा दिसायचा राहिला. मग हिशेब मांडला. कार्ट २,०४६ चं होतं आणि १,९९९ च्या वर २०० चं कूपन लागलं होतं. आटा संपला तो त्यांच्याकडे, पण त्यामुळे बिल १,८११ वर उतरलं आणि कूपन काढून घेतलं. बँकेच्या कार्डावरच्या सवलतीचे दीडशे तेवढे वाचले, कारण त्यांची अट पंधराशेचीच होती.

चॅटवर पाऊण तास घालवला. "तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो" हे तीनदा आलं, तिसऱ्यांदा तर मला "सर" करून. १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन करते म्हटल्यावर २०० रुपये वॉलेटमध्ये पडले. मुदत सात दिवस, आणि ९९९ च्या वर खरेदी केली तरच वापरता येणार.

त्या रागात "कोणी या फंदात पडू नका" एवढंच लिहिणार होते. पण ऑगस्टपासूनची वही काढली आणि थोडी वरमले. सहा महिन्यांत १४ ऑर्डरी, कूपन आणि बँक ऑफर मिळून ३,१२० रुपये सुटलेत. हे काही थोडे नाहीत.

जमतं कसं, ते एकदा सांगते. आधी दुकानाची सूट, मग कूपन, आणि बँकेची अट बघतात ती कूपन वजा झाल्यावरच्या रकमेवर. पहिले दोन महिने मी इथेच फसले. बँकेला पंधराशे हवे होते, माझं कार्ट १,५६०, त्यात १०० चं कूपन लावलं आणि दीडशेची ऑफर गायब! आता काठावरचं कार्ट करतच नाही, दोन-अडीचशे वर ठेवते. (रविवारी नेमकं ४७ वर ठेवलं होतं. अक्कलखाती जमा.) बँक ऑफर एका कार्डाला महिन्यातून एकदाच, म्हणून एक ऑर्डर माझ्या कार्डावर, दुसरी ह्यांच्या. साबण, कपड्यांची पावडर, चहा हे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या सेलला भरून ठेवायचं. डाळी, पोहे, रवा मात्र नाक्यावरच्या शेठकडून सुटे. तिथे कूपन हरतं.

आता तेल. घरात सगळे म्हणतात, तेलाचं पुरे कर. नाही करणार.

दिवाळीच्या आधी सूर्यफुलाची पिशवी १३९ ला होती, शेठकडे तीच १४८ ला. चार घेतल्या. चकल्या तळताना शेवटच्या घाण्याला कढईत तेलच कमी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दरवर्षी चार पिशव्यांत होतं सगळं." मी म्हटलं, पीठ जास्त भिजवलं असेल. त्यांनी ऐकून घेतलं, बोलल्या काही नाहीत. रात्री रिकामी पिशवी कचऱ्यातून काढून धुतली आणि ह्यांचा चष्मा लावून वाचली: ८४० ग्रॅम. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि शेठची पिशवी ९१० चीच. म्हणजे अ‍ॅपवर किलोला साधारण १६५ रुपये ५० पैसे पडले, शेठकडे १६२ रुपये ६० पैसे. चार पिशव्यांत २८० ग्रॅम तेल कमी आलं आणि मी छत्तीस रुपये वाचवले म्हणून खूश होते. पाकिटावर ग्रॅमचा भाव छापावा लागतो, तो होताही, मुंगीच्या पावलाएवढा. पण अ‍ॅपवरच्या फोटोत तो शोधून दाखवा. तेव्हापासून मी कार्टमध्ये काहीही टाकण्याआधी मोबाइलवर भागाकार करते. ह्यांना त्याचं हसू येतं.

"तुमची बचत" म्हणून हिरव्या अक्षरांत येणारा आकडाही मी वाचायचं सोडलंय. तो एमआरपीवरून मोजलेला असतो, आणि एमआरपीने शेठ तरी कुठे देतात? २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ वर आला, त्यानंतर काही दिवस जुनी एमआरपी खोडून करातली कपातही स्वतःची सूट म्हणून दाखवत होते.

तर वहीतला खरा आकडा. ३,१२० मधून डिलिव्हरी आणि हँडलिंगचे २३८ गेले. कार्ट भरायला म्हणून घेतलेल्या आणि कोणी न खाल्लेल्या वस्तू ६४० च्या: ओट्स, तीन मेयोनीज, एक कसलासा सॉस. उरले २,२४२, महिन्याला पावणेचारशेच्या आत. पाचपैकी तीन तारे. रविवारपर्यंत चार होते.

वॉलेटमधले २०० रविवारी बाद होतील. कार्ट ९११ वर अडकलंय आणि ८८ ची वस्तू काही सापडत नाहीये. हे म्हणतात, मेयोनीज घे.