शपथेने तोंड बांधले आणि 5,39,600 रुपये नेले

ज्या संघटनेची शपथ मी गुडघे टेकून घेतली, ती संघटनाच अस्तित्वात नाही, हे कळायला मला सात महिने लागले आणि त्या सात महिन्यांत माझ्या स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून 5,39,600 रुपये गेले. वाळूजच्या एका कारखान्यात 27 वर्षे पाळ्या करून मिळालेली ती रक्कम होती. अशा टोळ्या आधी विश्वास कमावतात, मग थोडे मागतात, मग जास्त मागतात, हे सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होते. माझ्या बाबतीत त्यांनी ज्या गोष्टीचा वापर केला, तिच्याबद्दल मात्र कोणी सावध करत नाही, म्हणून लिहितो आहे. त्यांनी मला गुप्ततेची शपथ घालून माझेच तोंड बंद केले.

वैजापूर तालुक्यातील एका नात्यातल्या लग्नात त्या माणसाशी ओळख झाली. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून कॅथलिक आहे. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली असून तिला परदेशी जायचे आहे, हे त्याने जेवणाच्या पंगतीतच काढून घेतले. नंतर घरी येऊन त्याने नाइट्स ऑफ कोलंबस या अमेरिकेतील कॅथलिक पुरुषांच्या बंधुसंघटनेची माहिती सांगितली आणि आपली मंडळी त्याच परंपरेतील भारतीय शाखा आहे, असा दावा केला. मूळ संघटनेचा या टोळीशी काडीचाही संबंध नाही, हे इथेच स्पष्ट करतो.

मी भोळेपणाने मान डोलावली नाही. त्याने सांगितलेले मी मुलीच्या मोबाइलवर पडताळून पाहिले होते. फादर मायकल मॅक्गिव्हनी यांनी 1882 मध्ये कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे ती संघटना स्थापन केली, कर्ता पुरुष गेल्यावर विधवा आणि मुले उघड्यावर पडू नयेत म्हणून सभासदांच्या विम्याची सोय केली, आणि 31 ऑक्टोबर 2020 रोजी फादरांना ‘ब्लेस्ड’ म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे म्हणून घोषित करण्यात आले, हे सारे खरे निघाले. पोप क्लेमेंट बारावे यांनी 1738 मध्ये कॅथलिकांना फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी असणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद, होण्यास मनाई केली आणि ती मनाई आजही कायम आहे, म्हणून आपल्या लोकांसाठी वेगळी बंधुसंघटना लागते, हे त्याचे बोलणेही खोटे नव्हते. ज्याच्या सनावळ्या बरोबर निघतात, त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला सामान्य माणसाचे मन धजत नाही. इतिहास खरा असला म्हणून समोर बसलेला माणूस खरा ठरत नाही, एवढे एक वाक्य मला त्या वेळी कोणी सांगायला हवे होते.

नोंदणीचे 5,100 रुपये मी रोख दिले. पहिल्या दीक्षेचे 21,000 रुपयेही रोखच दिले. पावती मागितल्यावर “बंधुत्वाची वही सभासदाला दाखवत नाहीत,” असे उत्तर मिळाले. पावती न देणाऱ्याला पुढचा रुपया देऊ नका, मग तो कोणत्याही देवाचे नाव घेवो.

दीक्षा बीड बायपासजवळच्या एका भाड्याच्या सदनिकेत झाली. खिडक्यांना काळे पडदे होते. टेबलावर क्रूस, बायबल, मेणबत्त्या आणि एक खंजीर ठेवलेला होता. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली आणि माझ्यासोबत आणखी दोघे उभे आहेत, हे मला केवळ त्यांच्या आवाजांवरून कळले. आम्हाला आमची खरी नावे घेण्यास मनाई होती. प्रत्येकाला एका प्रेषिताचे नाव देण्यात आले आणि मी ‘बंधू मथिया’ झालो. ज्याने 27 वर्षे रोज कार्ड पंच करून नाव नोंदवले, त्याला नवे नाव मिळाले की आपण कोणीतरी झालो असे वाटते. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

मग शपथ झाली. त्यात मला स्वतःचे मत आणि इच्छा उरणार नाही, मी प्रेतासारखा आज्ञाधारक राहीन, असे एक वाक्य होते. सुईने बोट टोचून मला रक्ताने सही करायला लावली. आणि शेवटी तो म्हणाला, “यातला एक शब्दही पत्नीला, मुलांना सांगायचा नाही आणि कन्फेशनमध्ये फादरांनाही सांगायचा नाही.”

मी तिथेच उठायला हवे होते. कन्फेशन म्हणजे धर्मगुरूसमोर केलेले पापांचे निवेदन, आणि त्यातील गुप्तता धर्मगुरूवर बंधनकारक असते. निवेदन करणाऱ्याच्या तोंडाला तिथे कुलूप घालण्याचा अधिकार कोणाला नसतो, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा वर्षांचा असताना शिकलो होतो. जी संघटना स्वतःला चर्चची म्हणवते, ती चर्चच्याच धर्मगुरूपासून काय लपवते आहे, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तो आला, आणि बोटातून रक्त येत असताना मी तो गिळला, कारण खोलीतील बाकी सर्व जण गप्प होते आणि आपण एकटेच कच्चे ठरू असे मला वाटले. रात्री झोप येत नाही तेव्हा मी पुन्हा पुन्हा त्याच क्षणाशी येऊन थांबतो. त्या रात्रीपर्यंत माझे फक्त 26,100 रुपये गेले होते.

झगा, पट्टा आणि तलवार यांचे 38,500 रुपये घेतले गेले. दुसऱ्या दीक्षेचे 75,000 रुपये मी फोनपेवर पाठवले. तिसऱ्या दीक्षेनंतर विम्याच्या नावाखाली 1,60,000 रुपये आणि शेवटी मुलीला इटलीतील रुग्णालयात नोकरी देण्यासाठी अनामत म्हणून 2,40,000 रुपये मी बँकेतून पाठवले. ही दोन्ही खाती संस्थेची नव्हती, व्यक्तींची होती. संस्थेच्या नावाने खाते नसेल तर बँकेच्या दारातूनच परत फिरा.

नोकरीच्या मुलाखतीची तारीख उलटली आणि त्या माणसाचा फोन बंद झाला. पत्नीने पासबुक भरून आणले आणि माझ्यासमोर ठेवले. तरीही मी दोन दिवस गप्प बसलो, कारण शपथ मोडल्यास कुटुंबावर आपत्ती येईल, असे वाक्य त्या कागदात होते. पैसे गेल्यापासून 19 दिवसांनी मी बोललो. त्यानंतर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तेव्हा खात्यात काही शिल्लक नसल्याचे कळले. ज्या दिवशी शंका येईल त्याच दिवशी 1930 ला फोन करा. शपथ नंतर मोडली तरी चालेल, हा विचारही करू नका, ती आधी मोडा.

मुलीने त्या शपथेतील वाक्ये शोधली आणि जे सापडले ते पैशांपेक्षा जास्त बोचले. प्रेतासारखी आज्ञाधारकता, खंजीर, रक्ताची सही हे सर्व एका जुन्या बनावट शपथेतून उचललेले होते. अमेरिकेत कॅथलिकांना बदनाम करण्यासाठी विरोधकांनी ती शपथ नाइट्स ऑफ कोलंबसच्या नावावर खपवली होती. एका निवडणुकीच्या तक्रारीच्या निमित्ताने ती 1913 मध्ये तिथल्या संसदेच्या नोंदींतही छापली गेली. पुढे 1914 मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रीमेसन मंडळींनीच खरे विधी तपासून ती शपथ खोटी असल्याचे सांगितले. माझ्या धर्माच्या निंदकांनी रचलेले शब्द मी क्रूसासमोर गुडघे टेकून उच्चारले. खऱ्या संघटनेचे विधीही पूर्वी बंद दाराआड होत असत, पण 2020 पासून त्यांचा मुख्य प्रवेशविधी कुटुंबीयांसमोर उघडपणे होऊ शकतो. फ्रीमेसनांचे विधी तर 1730 मध्येच लंडनमध्ये छापले गेले. ज्यांना तुम्ही गुप्त समजता, त्यांचेही तुम्हाला वाचायला मिळते, आणि मला जे लपवायला लावले ते मात्र कुठेच वाचायला मिळणार नव्हते.

आता पोलिसांबद्दल लिहितो. ठाण्याचे नाव लिहीत नाही. ठाणे अंमलदाराने फोनपेचा उल्लेख ऐकताच सायबरकडे जायला सांगितले. सायबरमध्ये रोख रक्कम ऐकताच ठाण्यात परत पाठवले. ठाण्यात मग सदनिका दुसऱ्या हद्दीत असल्याचे सांगण्यात आले. हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे. ते मी दाखवले तेव्हा “कायदा आम्हाला शिकवू नका” असे ऐकावे लागले. खंजीर आणि रक्त ऐकून एका हवालदाराने 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे नाव काढले, दुसऱ्याने हा धर्मांतराचा प्रकार आहे का, असे विचारले. मी तीन पिढ्यांचा ख्रिस्ती आहे, माझे धर्मांतर कोण करणार? माझे 5,39,600 रुपये गेले आहेत, हा साधा फसवणुकीचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 318 आहे, हे मी चार टेबलांवर चार वेळा सांगितले. प्रत्येक टेबलावर शपथेचा मजकूर मोठ्याने वाचून घेतला गेला आणि बाजूची माणसे ऐकायला जमा झाली. पत्नी बाकावर मान खाली घालून बसली होती. “पैसे तुम्ही स्वखुशीने दिले ना?” हा प्रश्न मला सहा वेळा विचारण्यात आला. बँकेनेही, व्यवहार तुम्हीच केला आहे, एवढे एका ओळीत लिहून हात वर केले. अखेर कलम 173(4) प्रमाणे मी पोलीस अधीक्षकांच्या पातळीवर टपालाने अर्ज पाठवला आणि त्याची पोहोच जपून ठेवली. तुम्हीही पोहोच घेतल्याशिवाय कोणत्याही कार्यालयातून उठू नका. त्या अर्जाला आज 74 दिवस झाले.

आमच्या फादरांना मी सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. कोणी चर्चचे नाव घेऊन आला तर त्याच्याकडे धर्मगुरूंचे किंवा बिशपांचे पत्र मागावे आणि ते पत्र घेऊन स्वतः चर्चमध्ये जाऊन खात्री करावी, एवढेच ते म्हणाले. त्या सात महिन्यांत मी दर रविवारी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसत होतो.

चौकशी करणाऱ्याने शेवटी सांगितले की आणखी तक्रारदार आणा, म्हणजे प्रकरणाला वजन येईल. आणखी दोघे होते, हे मला माहीत आहे, पण त्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत आणि नावे मला ठाऊक नाहीत. तशी व्यवस्था त्या विधीनेच केली होती. माझ्या उजवीकडे उभा असलेला माणूस शपथ म्हणताना दोनदा खोकला आणि त्याला ‘बंधू थोमा’ हे नाव मिळाले. डावीकडचा ‘बंधू फिलिप्प’ उदगीरकडच्या हेलाने बोलत होता आणि त्याने मुलाच्या नोकरीबद्दल विचारले होते. तुम्ही दोघांनी हे वाचले असेल, तर तुमच्या जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्यात लिहा की त्या खोलीत ‘बंधू मथिया’ नावाचा तिसरा माणूस होता. मी साक्ष द्यायला येईन.