लंडनचे पब आणि कॅफ : आठ-नऊ महिन्यांच्या फिरस्तीनंतर

आधीच सांगून टाकते. लंडनमध्ये काही महिने राहणार असाल, तर नामांकित पब एकेकदा बघून घ्या आणि बाकीच्या संध्याकाळी घराजवळच्या कोपऱ्यावरच्या पबात काढा. नोकरीमुळे इथे आल्यापासून आम्ही दोघं बरंच हिंडलो. मी बिअर घेते. नवरा शाकाहारी आहे आणि दारूला शिवत नाही. त्यामुळे हा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे.

नव्या माणसाची गडबड काउंटरवरच होते. टेबल पकडून वेटरची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. उठायचं, काउंटरवर जायचं, सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः घेऊन यायचे. जेवण मात्र बहुतेक ठिकाणी टेबलावर आणून देतात, म्हणून ऑर्डर देताना टेबलाचा नंबर सांगावा लागतो. काउंटरला रांग दिसत नाही, पण असते, आणि आपल्याआधी कोण आलं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. बारमननं चुकून मला आधी विचारलं, तर शेजारच्या माणसाकडे बोट दाखवायचं. मग तोही पुढच्या वेळी आपल्यासाठी तेच करतो. हात हलवणं, कार्ड नाचवणं, हाका मारणं यातलं काहीही केलं की आपला नंबर हमखास शेवटी. टीप कुणी मागत नाही.

मापं कायद्यानं बांधलेली आहेत. बिअर पाइंटमध्ये, म्हणजे ५६८ मिलिलीटर, नाहीतर हाफ किंवा एक-तृतीयांश. २०११ पासून दोन-तृतीयांशही चालतो. व्हिस्की, जिनचा सिंगल बहुतेक ठिकाणी २५ मिलिलीटर असतो, म्हणजे आपल्या तीसच्या स्मॉलपेक्षाही कमी. साठच्या लार्जची सवय असलेले पाहुणे तो ग्लास उजेडात धरून बघतात. मध्य लंडनमध्ये पाइंटला सहा-सात पौंड सहज जातात, म्हणून मी सरळ हाफ मागते. त्यात कमीपणा काही नाही. साधं पाणी फुकट द्यायला इथले परवानाधारक बांधील आहेत. नवऱ्याचं लाइम अँड सोडा किरकोळ पैशांत होतं, आणि गेल्या काही वर्षांत बिनअल्कोहोलची बिअरही बऱ्याच ठिकाणी चांगली मिळायला लागली आहे.

बाईमाणसानं एकटीनं जाऊन बसण्याबद्दल मैत्रिणी विचारतात. दुपारी किंवा संध्याकाळी लवकर, हाफ घेऊन, पुस्तक उघडून, खिडकीशी दीड-दोन तास बसले आहे. कुणी वळून बघितलं नाही, आणखी काही घेणार का असं विचारायलाही कुणी आलं नाही. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये हे करायचा विचारसुद्धा मी केला नसता. फुटबॉलच्या दिवशी मात्र मोठ्या स्क्रीनच्या पबात जाऊ नका. त्या गोंगाटात पुस्तकच काय, स्वतःचा विचारही ऐकू येत नाही.

आता बिअर. "तिकडे कोमट बिअर पितात" असं ऐकून आले होते. ती कोमट नसते. लाकडी किंवा पितळी मुठीचा लांब हँडपंप ओढून जी देतात ती कास्क एल. तळघरातल्या पिंपात ती दुसऱ्यांदा आंबते. तिच्यावर वरून गॅसचा दाब नसतो आणि तळघराचं तापमान ११ ते १३ अंश ठेवतात. फ्रिजमधल्या लागरनंतर, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या थंड, फेसाळ बिअरनंतर, पहिला घोट सपक वाटतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचा, बिस्किटासारखा वास आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा वेगवेगळा कळायला लागतो. कारखान्यातल्या गॅसवाल्या बिअरपुढे ही बुडायला आली होती. ती टिकवण्यासाठी १९७१ मध्ये 'काम्रा' ही ग्राहकांची संघटना उभी राहिली, आणि आज हे हँडपंप दिसतात त्यात तिचा मोठा वाटा आहे.

पण ही बिअर नाशवंत आहे. पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपायला हवं. म्हणून दहा पंप मिरवणाऱ्या रिकाम्या पबापेक्षा तीन पंपांचा भरलेला पब बरा. निवडण्याआधी घोटभर चाखायला मागता येतं, हसतमुखानं देतात. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे. एका सोमवारी मला मिळालेल्या हाफला सरळ व्हिनेगरचा वास येत होता. काउंटरवरच्या मुलीनं ग्लास नाकाशी नेला, एक शब्द न बोलता सिंकमध्ये ओतला, पाटी उलटी केली आणि शेजारच्या पंपातून दुसरा भरून दिला. ना हुज्जत, ना "सगळे तर पितायत". चांगल्या पबाची माझी परीक्षा आता हीच आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट, जी मला बरीच उशिरा कळली. कास्क एल नितळ व्हावी म्हणून त्यात पुष्कळदा आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. गिनेस या काळ्या आयरिश बिअरवाल्यांनी ते काही वर्षांपूर्वी बंद केलं. बाकीच्यांचं विचारावं लागतं. ज्या एलवर 'अनफाइन्ड' लिहिलेलं असतं ती थोडी गढूळ दिसते, पण तिच्यात हे नसतं.

चखणा म्हणाल तर आनंदी आनंद आहे. मसाला पापड, चणे, उकडलेल्या शेंगा यांची सवय असलेल्याला काउंटरमागच्या क्रिस्प्सच्या, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सच्या, पुड्यांवर भागवावं लागतं. पण ती पुडी उघडायची पद्धत मला फार आवडते. तोंडाशी न फाडता पाठीमागच्या शिवणीवर उभी फाडतात आणि चंदेरी कागद टेबलाच्या मधोमध ताटासारखा पसरतात. न विचारता सगळ्यांची झाली. ऑफिसच्या लोकांबरोबर गेलात तर राउंडचा हिशेब पाळावा लागतो: एकानं सगळ्यांचं आणायचं, पुढची पाळी दुसऱ्याची. पाळी चुकवणारा माणूस वर्षानुवर्षं लक्षात राहतो. सोबत सहाजण असले तर मी सुरुवातीलाच "मी राउंडमध्ये नाही" म्हणते. चालतं.

नामांकित जागांपैकी तीन-चार खरंच बघण्यासारख्या आहेत. ब्लॅकफ्रायर्स स्टेशनसमोरचा 'ब्लॅकफ्रायर' पब जुन्या डॉमिनिकन मठाच्या जागेवर आहे. १९०५ च्या सुमारास त्याचं आतलं रूप बदललं आणि संगमरवर, ब्राँझ यांतले गोलमटोल साधू सगळ्या भिंतींवर आले. मासे धरणारे, गाणारे, पेंगणारे. वर बोधवचनं कोरली आहेत. "जाहिरात करू नका, एखाद्या चुगलखोराला सांगा" हे त्यातलं माझं आवडतं. साठच्या दशकात ही इमारत पाडायला निघाले होते, लोकांनी ओरड करून वाचवली. ब्लूम्सबरीतल्या 'लॅम्ब'मध्ये काउंटरवर नक्षीदार काचेच्या छोट्या फिरत्या झडपा आहेत. व्हिक्टोरियन काळातल्या प्रतिष्ठित गिऱ्हाइकाला आपला चेहरा बारमनला दिसू नये म्हणून ही सोय. होबर्नच्या 'प्रिन्सेस लुईझ'मध्ये कोरीव काचांचे कप्पेच आहेत. तो यॉर्कशरच्या सॅम्युअल स्मिथ या ब्रुअरीचा. त्यांच्या पबांत संगीत नाही, टीव्ही नाही आणि २०१९ पासून मोबाइल वापरायलाही बंदी. मला हे फार मानवलं, नवऱ्याला अजिबात नाही.

सदर्कचा 'जॉर्ज इन' हा लंडनमधला सज्जे असलेला एकमेव उरलेला जुना कोचिंग इन, म्हणजे घोडागाड्यांच्या प्रवाशांची खाणावळ-धर्मशाळा. १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला. अंगण सुंदर आहे. बसायला जागा मिळेल ही आशा सोडून जा. सिटी या बँका-ऑफिसांच्या भागातले बरेचसे पब शनिवार-रविवारी चक्क बंद असतात, आणि गुरुवारी संध्याकाळी तिथल्या गर्दीत फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते.

किल्बर्नजवळच्या 'कार्ल्टन टॅव्हर्न'ला मात्र वाकडी वाट करून गेले, ती तिच्या गोष्टीसाठी. १९२० च्या सुमाराचा हा पब २०१५ मध्ये विकासकानं परवानगी न घेता बुलडोझरनं पाडला. रहिवासी लढले, आणि वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं जसा होता तसा पुन्हा बांधायचा आदेश दिला. २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला. पुनर्विकासात चाळी आणि वाडे गेलेले पाहिलेल्या माणसाला ही हकिकत परीकथाच वाटते.

खाण्याच्या बाबतीत पब मला निराशच करतात. सगळे नाही, पण बरेच. एका बऱ्या दिसणाऱ्या पबात नवऱ्याला भाजीचा बर्गर म्हणून जे आलं त्याच्या मधोमध अजून बर्फ होता. बदलून दिलं, पण कौतुक करावं असं दुसरंही नव्हतं. स्वयंपाकघर नऊच्या आसपास बंद होतं, आपल्या जेवायच्या वेळेला. संडे रोस्ट, म्हणजे रविवारचं भाजलेल्या मांसाचं जेवण, दुपारी बारा-एकला गाठला तर छान असतो, त्यासोबतचं यॉर्कशर पुडिंग (पिठाची फुगलेली खारी वाटी) तेव्हा ताठ असतं. चारनंतर उरलंसुरलं मिळतं. शाकाहाऱ्याच्या वाट्याला नट रोस्ट, म्हणजे दाणे-सुक्यामेव्याची भाजलेली वडी, येतो. ग्रेव्ही वेगळी आहे का, हे विचाराच.

पोटभर आणि प्रेमानं खायचं तर कॅफ, म्हणजे इथलं साधं न्याहारी-जेवणाचं हॉटेल. बेथनल ग्रीनचं 'पेलिची' १९०० पासून एकाच इटालियन कुटुंबाकडे आहे. आतलं लाकडी नक्षीकाम १९४६ चं, आणि जागेला वारसा वास्तू म्हणून संरक्षण आहे. टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावं लागतं, मालकमंडळी पहिल्याच खेपेला आपली थट्टा करतात. अंडी, बीन्स, मश्रूम, टोमॅटो, टोस्ट आणि कडक चहाचा मोठा मग, एवढ्यावर संध्याकाळपर्यंत निघतं. टॉवर ब्रिज रोडवरचं 'मान्झे' १९०२ पासूनचं, 'पाय' (मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि मॅश (कुस्करलेला बटाटा) यांचं. गोमांसाच्या खिम्याच्या 'पाय'वर पार्सलीचा हिरवा रस्सा ओततात, त्याला लिकर म्हणतात, दारूचा थेंब नसतो. भरपूर व्हिनेगर घातल्याशिवाय मला ते गेलं नाही. सोबत मिळणाऱ्या थंडगार जेलीतल्या ईल या सापासारख्या माशाला मी एकदाच हात लावला.

वेळेचं एक शेवटचं. २००५ मध्ये परवान्याचे नियम सैल झाले, तरी वस्तीतले पब अजूनही अकराच्या सुमारास 'लास्ट ऑर्डर्स'ची घंटा वाजवतात. आठवड्याच्या सुरुवातीला तर काही उघडतच नाहीत. आमच्या कोपऱ्यावरचा आता सोमवारी बंद असतो. जायच्या आधी फोन करून विचारा, नकाशावरच्या वेळा पुष्कळदा जुन्या असतात.