जुनी निकॉर २००-५००: ग्रुपवरून घेतलेली, खात्री करून घेतलेली

लोक मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) वळले आणि आरसावाल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांना बसणाऱ्या निकॉनच्या एफ माउंट लेन्सचे भाव उतरले. आमच्यासारख्या डीएसएलआरवाल्यांची चंगळच! नाशिकच्या पक्षी-फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर एका काकांनी निकॉर (निकॉनचीच) २००-५०० मिमी एफ ५.६ ही झूम लेन्स विकायला काढली, कारण त्यांना मिररलेसची झेड १८०-६०० घ्यायची होती. ती मी घेतली.

त्याआधी अशाच लेन्ससाठी परगावच्या एका महाशयांशी बोलणं झालं होतं. भाव संशय यावा इतका कमी. ‘टोकन टाका, लगेच कुरियर करतो.’ मी म्हटलं, कागदावर आजची तारीख लिहा, लेन्सशेजारी ठेवून फोटो पाठवा. महाशय गायब.

काकांचं उलटं. ‘तुमची बॉडी (म्हणजे कॅमेरा) घेऊन या, लावून बघा, पैशाचं नंतर बोलू.’ खरं तर गंगापूर रोडला त्यांच्या घरी जाण्याआधीच मी निम्मी निर्धास्त होते. याच लेन्सने काढलेले त्यांचे नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातले फोटो आम्ही सगळे बघत आलोय. घरट्याच्या तोंडाशी जाऊन काढलेला एकही फोटो त्यात नाही. पक्ष्याला त्रास न देणारा माणूस लेन्सही आदळआपट न करता वापरत असणार, हा माझा हिशेब. (ग्रुपचे अ‍ॅडमिन व्यवहाराची जबाबदारी घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.)

तरी हिशेबावर थांबले नाही. पडदे ओढून मागच्या काचेतून टॉर्च मारला. धुळीचे एकदोन कण दिसले. बुरशी असती तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले असते. पावसाळ्यात बॅगेतच पडून राहिलेल्या लेन्सवर ती हटकून येते, काका मात्र ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) वापरतात. बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून पाहिला. ट्रायपॉड कॉलरचा (लेन्स तिपाईवर बसवायच्या कड्याचा) रंग उडालाय आणि हूड (पुढची ऊन अडवणारी टोपी) सैल आहे, हे त्यांनी न विचारताच सांगितलं आणि भावही थोडा कमी केला.

आता लेन्सबद्दल. माझ्या डी ७२०० कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे त्यावर ५०० मिमीला ती ७५० मिमीसारखी चालते. वजन सुमारे २.३ किलो, त्यामुळे पक्षी बघायच्या मनोऱ्यावर कठड्याचा आधार घेतलेला बरा. झूम रिंग इतकी फिरवावी लागते की एका झटक्यात २०० वरून ५०० वर जाता येत नाही, आणि जांभळी पाणकोंबडी अचानक उडाली की फोकस मागे पडतो. बसलेल्या पक्ष्याचं मात्र पीस न् पीस मोजता येतं. सकाळच्या उन्हात या पैशात याहून चांगलं काही मिळणार नाही.

डी ९०, डी ८० यांसारखी जुनी बॉडी असेल तर मात्र ही लेन्स घेऊ नका. तिच्यावर या लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) बदलता येत नाही. विकणारे हे क्वचितच सांगतात. काकांनी माझा कॅमेरा कोणता, हे पहिल्याच फोनवर विचारलं होतं.