पट्टा बांधून दहा महिने: गायींना लागू पडला, म्हशींना नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सहा संकरित गायी आणि दोन म्हशींच्या गळ्यात हालचाल नि रवंथ मोजणारे पट्टे बांधले. आई म्हणाली, “गायना गयामा हाई काय बांधी दिन्हं रे?” आता जून लागलाय. पारोळ्याकडचा एक उन्हाळा पट्ट्यांनी बघितला, म्हणून लिहितोय.

माज (गाय गाभण राहू शकते तो काळ) ओळखायचं काम चोख. माजावर गायीची हालचाल वाढते, पट्टा ती टिपतो आणि मोबाईलवर इशारा येतो. गायी बऱ्याचदा रात्रीच माजावर येतात आणि रात्री मी पाणी भरायला शेतात. एक माज हुकला की 21 दिवस गेले. तांबडी गाय तीनदा उलटली होती, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नव्हती. एका पहाटे चारला मोबाईल वाजला. गोठ्यात गेलो तर शेपटीखाली काचेसारखी तार लोंबत होती. त्याच संध्याकाळी रेतन केलं, गाभण ठरली. भाकड गायही ढेप खाते आणि डेअरीत तिच्या नावावर थेंब नाही. म्हणून भाकड दिवस घटले हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

म्हशींवरचे पैसे मात्र पाण्यात. त्यांचा माज मुका, हालचालीत फारसा फरकच पडत नाही. दहा महिन्यांत एकदाही इशारा आला नाही.

किंमत रवंथाच्या आलेखावरही वसूल झाली. चांगली गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते. मार्चमध्ये चांदी गायीचा आकडा एकदम निम्म्यावर आला. दूध अजून तेवढंच होतं, मी म्हटलं यंत्रच बिघडलं असेल. तरी ढेपेच्या नव्या पोत्यात हात घातला: आत गरम, हिरवट गठ्ठे, बुरशीचा वास. तेच पोतं सकाळी तिच्यापासून सुरू केलं होतं. बाकीच्या वाचल्या.

मे महिन्यात पारा 44 वर गेला तेव्हा दुपारचा रवंथ जवळजवळ बंद, सगळा रात्री. मग मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर टाकायला लागलो, पश्चिमेला ओलं बारदान लावलं. दूध घटलंच, पण मागच्या मेइतकं नाही.

तक्रारी आहेत. लाईट गेली की गोठ्यातलं पट्ट्यांचा सिग्नल घेणारं रिसीव्हर बंद. कंपनी म्हणते इन्व्हर्टर घ्या. विकताना हे कुणी बोललं नव्हतं. इशारे इंग्रजीत येतात, आईनं वाचायचे कसे? बकल घासून एका गायीला जखम झाली, आता खाली सुती फडकं गुंडाळतो.

ऑगस्टमध्ये कंपनीला पट्ट्यांची वर्गणी भरायची आहे. गायींची भरणार. म्हशींचे दोन पट्टे काढून ठेवलेत, कुणाला गायीसाठी हवे असतील तर सांगा.