घराला कुलूप होतं, तरी मीटर पुढे गेलं

अक्कलकोट रोडला आमच्या घरी शाळेच्या गणवेशाचं जॉबवर्क चालतं. चार शिलाई मशीन, दोन इस्त्र्या आणि उन्हाळ्यात दिवसभर पंखे. सोलापूरचं ऊन एवढं तापतं, तर त्याची वीज का करू नये, हा विचार कुणाच्याही डोक्यात येतो. माझ्याही आला.

घराच्या गच्चीवर सोलर बसवायला केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे, तिची चौकशी मी केली होती. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याच्या पुढे ७८,००० रुपये सबसिडी मिळते. पण ती खात्यावर येते सिस्टीम बसून चालू झाल्यावर. आधी पैसे आपणच घालायचे किंवा कर्ज काढायचं. सीझनच्या तोंडावर कापड आणि कारागिरांच्या पगारातच सगळं अडकलेलं, म्हणून मी स्वस्तातलं काही मिळतंय का ते शोधायला लागले. चूक तिथंच झाली.

शहरातल्याच एका दुकानात छोटा ग्रीड-टाय इन्व्हर्टर, म्हणजे सोलर पॅनेलची वीज घरच्या लाईनमध्ये मिसळणारा डबा, मिळाला. डब्यावर १००० वॅट लिहिलेलं, किंमत ८,५०० रुपये. दुकानदार म्हणाला, "ताई, बॅटरी नको, परवानगी नको. पॅनेलची वायर याला जोडायची आणि हा प्लग घरातल्या कुठल्याबी बोर्डात खोचायचा. मीटर उलटं फिरतंय बघा." लाईट गेल्यावर पण चालेल का, असं मी विचारलं. "चालतंय की!" म्हणाला. त्याच्याकडूनच ३३५ वॅटची दोन जुनी पॅनेल १०,००० ला घेतली. वायर आणि बसवणावळ मिळून आणखी १,५००. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वाढेल म्हणून साध्या कागदावर हिशेब लिहून दिला. मी गप्प बसले.

पहिल्या आठवड्यातच लाईट गेली आणि इन्व्हर्टरही बंद पडला. फोन केला तर म्हणाला, सेटिंगचा प्रॉब्लेम आहे, बघून देतो. खरी गोष्ट मला नंतर कळली. ग्रीड-टाय इन्व्हर्टर लाईनच्या विजेशी ताल जुळवूनच चालतो, आणि लाईन गेली की त्याने बंद व्हायलाच पाहिजे. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाते आणि लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणजे "लाईट गेल्यावर पण चालतंय" म्हणणाऱ्याला एक तर वस्तू माहीत नाही किंवा तो सरळ खोटं बोलतोय.

सीझनमध्ये बिल जास्तच येतं, त्यामुळे फरक लक्षात आला नाही. एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नाला बार्शीला पाच दिवस गेलो. फ्रिज रिकामा करून बंद केला, बाकी सगळी बटणं बंद केली. मेन स्विच आणि इन्व्हर्टर मात्र मी मुद्दाम चालू ठेवले. घरात खर्च नाही, ऊन कडक, तर आकडा खाली यायला पाहिजे ना? जाताना रीडिंग वहीत लिहून ठेवलं होतं. परत आल्यावर बघते तर आकडा सहा युनिटनं पुढे. कुलूपबंद घरात सहा युनिट कोणी जाळले?

आमच्या गल्लीत एक वायरमन काका आहेत. रविवारी भर दुपारी त्यांना बोलावलं. त्यांनी घरातलं सगळं बंद करायला लावलं, फक्त इन्व्हर्टर चालू. मीटरवरचा लाल दिवा दर पाच सेकंदाला लुकलुकत होता. इन्व्हर्टरचा प्लग काढला, दिवा थांबला. परत घातला, परत सुरू. आमच्या मीटरवर ३२०० इंपल्स, म्हणजे ३२०० वेळा लुकलुक, म्हणजे एक युनिट असं छापलेलं आहे. पाच सेकंदाला एक म्हणजे तासाला ७२० लुकलुक, म्हणजे सुमारे २२५ वॅट. काकांनी इन्व्हर्टरच्या वायरीला करंट मोजणारं क्लॅम्प मीटर लावलं, तिथंही जवळपास १ अँपिअर. जेवढी वीज आम्ही फुकट लाईनमध्ये ढकलत होतो, तेवढीच आमच्या नावावर खर्च म्हणून चढत होती!

काकांनी समजावलं ते असं. उलटं फिरायचं ते जुनं चकतीचं मीटर. आताची बरीचशी साधी इलेक्ट्रॉनिक मीटर, चोरी होऊ नये म्हणून, वीज कुठल्याही दिशेने गेली तरी बेरीजच करतात. बाहेर जाणारी वीज वेगळी मोजायला दोन्ही दिशांचं नेट मीटर लागतं, आणि ते महावितरणकडे रीतसर अर्ज केल्यावरच बसतं. परवानगीशिवाय असा प्लग लावणं हाही नियमभंगच. हे ऐकून मी घाबरले आणि त्याच क्षणी प्लग काढला.

आणि १००० वॅटचं काय? उन्हात पॅनेल तापलं की वीज थोडी कमी होते हे खरं, पण ६७० वॅटच्या पॅनेलमधून भर दुपारी २२५ वॅट ही उन्हाची करामत नव्हे. डबा तर इतका तापायचा की हात लावता येत नव्हता.

डब्यावर प्रमाणपत्राचा शिक्का होता, त्याखाली आर-नंबर, म्हणजे नोंदणीचा क्रमांक. मुलीने मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून पाहिला. तो निघाला दुसऱ्याच कंपनीच्या मोबाइल चार्जरचा! हे दोन मिनिटांचं काम दुकानात उभं राहून केलं असतं तर माझे २०,००० वाचले असते. तुम्ही ग्रीड-टाय इन्व्हर्टर बघत असाल तर त्याच्या कागदांवर आयएस १६२२१ भाग २ आणि आयएस १६१६९ हे भारतीय मानकांचे दोन आकडे शोधा. पहिला विजेच्या सुरक्षिततेचा, दुसरा लाईन गेल्यावर बंद होण्याचा. मग आर-नंबर ॲपमध्ये टाका आणि कंपनीचं नाव, वस्तू, मॉडेल तिन्ही जुळतात का बघा. घरच्या मीटरवरची चाचणी तर कुणालाही जमेल, फक्त प्लग काढ-घाल ओल्या हाताने करू नका.

दुकानदाराने आधी "कंपनीशी बोला" सांगितलं, नंतर फोन उचलणंच बंद केलं. वॉरंटी कार्डावर पत्ताच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नाही ही माझी लंगडी बाजू. पण ८,५०० मी यूपीआयने दिले होते आणि "मीटर उलटं फिरेल" असा त्याचा व्हॉइस मेसेज अजून फोनमध्ये आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणून तो अर्जही लिहायला घेतलाय. असे मेसेज कुणीही पुसू नका.

जुनी पॅनेल योजनेत चालत नाहीत, तिथं देशात बनलेल्या सेलची नवीच लागतात. म्हणजे तेही १०,००० गेल्यातच जमा. आता सीझनचे पैसे हातात आले की योजनेच्या यादीतल्या ठेकेदाराकडून १ किलोवॅटचं रीतसर बसवणार आहे.

तो डबा कपाटावर आहे. गेल्या आठवड्यात ओळखीतला एक जण विचारत आला, "वहिनी, पडूनच आहे तर दोन हजारला देता का?" मी दिला नाही. संध्याकाळी काकांकडून त्याचा प्लग कापून घेतला.