भिंतीला मधला राखाडी: मातकट झाकेचा घ्यावा की निळसर?

राखाडी द्यायचा ठरला की चर्चा गडद-फिकटावरच अडते. खरं तर आधी झाक ठरवायला हवी. फिकट राखाडीत झाक पांढऱ्यात विरते, कोळशाच्या रंगात काळ्यात बुडते; मधल्या छटेत मात्र ती चारही भिंतींवर उघडी पडते. मधली छटा म्हणजे साधारण ३० ते ५० एलआरव्हीची. भिंत किती उजेड परत फेकते याचं हे ० ते १०० मधलं माप, बऱ्याच शेड कार्डांवर ते छापलेलं असतं.

झाक ओळखायची तर कार्डातल्या तुकड्याला कोरा पांढरा कागद भिडवा. एकटा असताना निव्वळ राखाडी वाटणारा तुकडा लगेच निळा, हिरवट, जांभळट नाहीतर मातकट दिसू लागतो.

आता उजेड. ज्या खोलीत थेट ऊन येत नाही, तिथे येतो तो आकाशाचा निळसर उजेड. अशा खोलीत निळसर राखाडी भर दुपारीही ढगाळ वाटतो, मातकट राखाडी खोलीला जरा ऊब देतो. पश्चिमेचं ऊन आत येणाऱ्या खोलीत उलटं होतं. संध्याकाळी मातकट राखाडी पार खाकी होतो आणि निळसर तिथे निवांत, स्वच्छ दिसतो. दिव्यांचंही तसंच. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली मातकट राखाडी बदामी वाटू शकतो, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली निळसर राखाडीची खोली दवाखान्यासारखी भासते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती लाकडाशेजारी. नारिंगी-तपकिरी दारं किंवा कपाटं असतील तर निळसर राखाडी आणखी निळा दिसतो आणि लाकूड आणखी नारिंगी. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शेजारच्या रंगांचा हा परिणाम १८३९ मध्येच सविस्तर मांडला होता. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत तो रंगाईचं काम पाहायचा, तिथे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता. काहींना हा विरोध आवडतो, मला तो डोळ्याला टोचतो. लाकूड बरंच असेल तर माझं मत सरळ मातकटाला. पांढरी फरशी, काळं लोखंड, काच असा मामला असेल तर निळसर. दोन्ही नको असतील तर किंचित हिरवट झाक बघा, ती लाकूड आणि पांढरं दोन्ही सांभाळून घेते. जांभळट झाकेच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. पिवळ्या दिव्याखाली ती गुलाबी होते.

मॅट (चमक नसलेला) की सॅटिन (हलकी चमक असलेला)? पुट्टीचे चढउतार मॅट लपवतो, तर सॅटिनवर खिडकीतून तिरपा उजेड पडला की हाताला न लागणारी लाटही दिसते. पण मुलांचे हात लागतात त्या भिंतीला पुसता येणारा सॅटिनच बरा.

नमुना थेट भिंतीवर मारू नका, जुना रंग शेजारी राहतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा आणि पूर्ण वाळू द्या. ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. मग तो पुठ्ठा सकाळी खिडकीजवळ, रात्री दिव्याखाली आणि एकदा कपाटाला टेकवून बघा. रंग घेताना एका भिंतीला लागणारे सगळे डबे आधी एकाच बादलीत एकत्र करायला लावा, कारण मशीनवर मिसळलेल्या दोन डब्यांतला बारीकसा फरकही मधल्या राखाडीत सांध्यावर दिसतो.