फोर बाय फोर लागत नव्हती, ३५० रुपयांत काम झालं

रत्नागिरीकडच्या हातखंब्याजवळच्या छोट्या गॅरेजबद्दल लिहितोय. आमची जुनी पिकअप, डॅशवर फोर बाय फोरचा (चारही चाकांना ताकद) लाइट पेटायचा पण पुढची चाकं ढिम्म, भाट्याच्या वाळूत होडीची ट्रॉली ओढताना मागचीच चाकं खड्डा करत बसली. आधी एका मोठ्या वर्कशॉपने बघितलं न बघितलं आणि ट्रान्सफर केसच (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) बदला म्हणाले, आकडा ऐकून घामच फुटला राव.

इथल्या काकांनी पुढची बाजू जॅकवर घेतली, गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, फोर हाय (फोर बाय फोरचा गिअर) टाकली आणि चाक हाताने फिरवलं. चाक फिरतंय, आतला अॅक्सल गप्प. म्हणजे हब (चाक अॅक्सलला जोडणारा भाग) लॉक होत नाहीये. हा हब व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा खेचली की लागतो, मग त्याला हातपंपाने व्हॅक्यूम दिला तर टक्कन लागला की! म्हणजे हब पण चांगला. शेवटी बॅटरीखाली चिरलेला व्हॅक्यूमचा रबरी पाइप सापडला, बोटभर तुकडा.

गंजलेला कनेक्टर पण साफ करून दिला, खाऱ्या हवेत हे व्हायचंच. बसायला जागा नाही, फोन उचलत नाहीत, सकाळी लवकर जा.